बापूंचा काटा

साताऱ्यात बापूंना ‘कसं काय, बरं आहे ना?’ असं विचारायची सोय नाही. उत्तर अंशांत येतं. “काल यवतेश्वर चढताना 85, उतरताना थेट 60! माणसानं करायचं काय?” आपण त्यांच्या गुडघ्याची चौकशी केलेली असते.

निवृत्तीच्या पैशांतून लोक घरावर मजला चढवतात, फार तर शेअरबाजारात बुडवतात. बापूंनी कोइमतूरहून जुनी मारुती एस्टीम आणली. शर्यतीतली. एके काळी दक्षिणेतल्या ट्रॅकवर एस्टीम जोरात होती. 1298 सीसीचं इंजिन, अंगानं हलकी आणि स्पेअर पार्ट कुठंही मिळणार. शर्यतीतून बाद झालेली ही गाडी ‘आरसी बुक जिवंत आहे’ या एकाच गुणावर बापूंनी पसंत केली. मागचं सीट नाही, दारांना आतून अस्तर नाही, हीटर तर कधीच उपटलेला. त्याऐवजी आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. वहिनी एकदा त्या पाइपावरून पाय टाकून आत शिरल्या. तेव्हापासून त्या एसटीनं जातात.

एवढं सगळं बापूंना मान्य होतं. खुपत होती ती एकच गोष्ट. शर्यतवाल्यांनी थर्मोस्टॅट, म्हणजे मिस्त्री लोकांची ‘वॉल’, काढून टाकला होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ट्रॅकवर इंजिन सदैव भरात, त्याला थंडी वाजायला सवडच नसते, आणि वॉल बंद अवस्थेत अडकली तर शर्यत तिथंच संपते. पण बापूंचा ट्रॅक म्हणजे राजवाडा ते पोवई नाका. डिसेंबरच्या सकाळी पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरायचं, भाजी घेऊन परत आलं तरी इंजिन गारच. अशा इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थोडं पिस्टनच्या रिंगांवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. शिवाय आतला ओलावा उडून जात नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा थर बसतो. तो थर बोटावर घेऊन बापू गल्लीभर दाखवत हिंडले. शेजारच्या काकूंनी वास घेऊन “नासलंय” असं सांगितलं, आणि बापूंना प्रथमच कुणीतरी समजून घेतल्यासारखं वाटलं.

साताऱ्याच्या एकाही मिस्त्रीवर बापूंचा विश्वास नाही. ज्या गावात कूपरची इंजिनं बनतात त्या गावात हे म्हणणं धाडसाचं आहे, पण ते म्हणतात. म्हणून कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगली. तिथले मिस्त्री कानाला स्क्रू ड्रायव्हरची मूठ आणि इंजिनाला टोक लावून ऐकतात, मिरजेचा कारागीर सतारीची जवारी पारखतो तसे डोळे मिटून. त्यांनी डोळे उघडले ते बापूंची मागणी ऐकून.

“आवो बापू, हितं मी सगळ्यांच्या वॉली काढून फेकतोय आन् तुम्ही बसवाय आलायसा? आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?”

गाडी तापली की वॉल काढा, हा आपल्याकडच्या गॅरेजांचा धर्मच आहे. लोक रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी ओततात, वॉल गंजून अडकते, इंजिन उकळतं. दोष पाण्याचा, शिक्षा वॉलला. बापूंनी तिथल्या तिथं टायरवर बसून व्याख्यान सुरू केलं. आत मेण असतं मिस्त्री, मेण. तापलं की फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. मिस्त्री म्हणाले, “मेणाचं कळलं. च्या घेणार का?”

शेवटी 82 अंशांची वॉल मिळाली. पण बापू खात्री केल्याशिवाय आंबाही कापत नाहीत. परत आल्यावर वॉल दोऱ्याला बांधून वहिनींच्या दुधाच्या पातेल्यात सोडली, बुडाला टेकणार नाही अशी. शेजारी ओळखीच्या डेअरीतून मागून आणलेला थर्मामीटर. सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी. कडेला नखाएवढी फट पडली आणि बापू “उघडली!” म्हणून असे ओरडले की खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं, सोसायटीची लिफ्ट. नव्वदीच्या पुढं ती सताड उघडली. त्यावरही भाष्य झालं: सातारा सांगलीपेक्षा उंच, त्यामुळं इथं पाणी शंभराच्या दोनेक अंश आधीच उकळतं, महाबळेश्वरात त्याहून आधी; म्हणून रेडिएटरचं दाबाचं झाकण चांगलं हवं. वहिनी म्हणाल्या, “पातेलं नवं हवं.”

बसवताना मात्र बापू गंभीर होते. वॉलच्या कडेला एक खुळखुळणारी बारीक पिन असते. ती वरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. गाडीचं तोंड चढाला करून, झाकण उघडं ठेवून, कूलंट घालत, होजपाइप दाबत ते बुडबुडे काढत बसले. झडप उघडली तसा वरचा पाइप गरम झाला. त्यावर हात ठेवून ते बराच वेळ उभे होते, नातवाचा ताप पाहावा तितक्या काळजीनं.

काम फत्ते झालं. काटा मध्यावर आला आणि तिथंच थांबला. यवतेश्वर चढताना मध्यावर, उतरताना मध्यावर, आणेवाडीच्या टोलनाक्याच्या रांगेत पंख्यानं दोनचारदा जोर केला तरी मध्यावरच. ऑइलच्या झाकणाखालचं ताक गेलं, पेट्रोलही थोडं वाचू लागलं. आठवडाभर बापू कुणाशी बोलले नाहीत. बोलणार कशाबद्दल?

आठव्या दिवशी त्यांना शंका आली की काटाच अडकलाय. इतकं बरं चालणं त्यांच्या हिशेबात बसेना. ते सांगलीला गेले आणि दुसरा मीटर बसवून आले. तो पहिल्यापेक्षा तीन अंश जास्त दाखवतो. मिस्त्री म्हणतात जुना खरा, बापू म्हणतात नवा खरा, आणि तिसरा मीटर पुण्याहून मागवलाय.

महामार्गावर पाइपांच्या पिंजऱ्यातली एखादी एस्टीम डावीकडून चाळिशीनं जाताना दिसली तर लिफ्ट मागू नका. मागं सीट नाही, आणि पुढं बसणाऱ्याला दोन्ही मीटर मोठ्यानं वाचून दाखवावे लागतात.