साठीनंतरचा शक्तीचा डबा

चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीन पोत्यानं येतं आणि क्विंटलच्या भावानं जातं. पुढं त्याचं तेल निघतं, उरलेली पेंड कोंबड्या-ढोरांच्या वाट्याला जाते. मग एक दिवस त्याच जातीचं प्रथिन व्हॅनिलाचा वास लावून, ‘साठीनंतरच्या ताकदीसाठी’ म्हणत, मेडिकलच्या काचेआड डब्यात येऊन बसतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये, आणि त्या किलोत साडेतीनशे ग्रॅमच्या वर प्रथिन. (हमीभाव हातात पडतोच असं नाही; पडला नाही तर हिशेब आणखी झोंबतो.) डब्याच्या किमतीत मात्र त्यावर पळणाऱ्या पांढऱ्या केसांच्या जोडप्याचं मानधनही धरावं लागतं. त्या जोडप्याचे गुडघे कधी दुखत नाहीत, कारण त्यांनी वावरात कधी निंदण केलेलं नसतं.

म्हातारपणी गोळ्या घेऊच नयेत, असं माझं म्हणणं नाही. खड्डा कुठं आहे ते बघून मुरूम टाकावा, एवढंच. खड्डे खरेच आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं; हे २००६ मध्ये छापून आलं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. माळकरी घरात बी-१२ येणार ते दूध-दह्यातून. त्यातच वयानं पोटातलं आम्ल कमी होतं आणि साखरेसाठीची मेटफॉर्मिन उरलंसुरलं शोषणही घटवते. अशा आजोबांना बी-१२ ची स्वस्त गोळी द्यायलाच हवी. पण तिच्यावर कुणी पळताना दिसत नाही, म्हणून ती भेट द्यायला कमी वाटते. पुण्याहून पोरगा धाडतो तो डबाच. त्यातून आईची ताकद किती भरून निघते कोण जाणे, पोराची दिवाळीला न आल्याची बोच नक्की भरून निघते.

‘फायदा नाही झाला तर नाही, तोटा तर नाही ना?’ हा ठरलेला सवाल. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. त्यात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे १९९४ मध्ये छापून आलं. गाजरातलं ते गाजरात ठीक, बिडी ओढत गोळीतून नव्हे. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीसोबतच गिळलं तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, तेव्हा तोटा इथंही आहेच. ड जीवनसत्त्वाचं तर अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास २६ हजार जणांवर पाच वर्षं बघून झालं. कमतरता आहे की नाही हे न बघता सर्वांना दिल्यावर हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. ज्यांच्यात खरोखर कमी आहे, त्यांची गोष्ट वेगळी.

आता मला अडचणीत आणणारा पुरावाही मांडतो. अमेरिकेतल्याच ‘कॉसमॉस’ चाचणीत रोजच्या मल्टिव्हिटॅमिननं साठीपुढच्यांची स्मरणशक्ती किंचित सुधारली. किंचित म्हणजे गोळी घ्यायची आठवण राहील, इतपत. शिवाय कवळी बसत नाही, भाकर चावत नाही, दोन घासांत पोट भरतं, अशा आजारातून उठलेल्या आजीला डॉक्टरांनी पावडर सांगितली तर ती खुशाल द्यावी. पण नुसत्या प्रथिनाचा स्नायू होत नाही, त्याला काम लागतं. डबा पिऊन दिवसभर मालिका बघणाऱ्याच्या मांडीत बळ कुठून येणार? हात न टेकता खुर्चीतून दहादा उठबस करावी. तिला जाहिरात नाही, कारण खुर्ची घरचीच असते. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे बारीक अक्षरात असतं, म्हणून ते वाचायला आधी मोतीबिंदू काढून घ्यावा. डबा मात्र चांगला पक्का असतो. रिकामा झाला की त्यात तूरडाळ ठेवता येते, शेकडा बावीस प्रथिनांसकट.