बांधापलीकडची भाकरी

आमच्या शिरूर-दौंड भागात बांधाचं भांडण एका पिढीत मिटलं तर लोक हळहळतात. वीतभर नांगर इकडं सरकला की मोजणी, मग तहसील, मग कोर्टाच्या तारखा. वकिलाचा बंगला होतो, बांध जागचा हलत नाही.

आणि बांधासाठी भांडणारा हाच गडी, तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी आली की घरच्या भाकऱ्यांची चवड घेऊन भैरवनाथाच्या देवळाकडं निघतो. तिथं मोठाल्या कढयांत पिठलं रटरटत असतं. सख्ख्या भावाला वीत न सोडणारा माणूस परभणीच्या अनोळखी म्हाताऱ्याला "माउली, आणखी एक चतकोर" म्हणून आग्रह करतो. जात नाही विचारत, गावही जेवण झाल्यावर विचारतो.

मला वाटतं, कारण सरळ आहे. माउलीचं नाव आपल्या सातबाऱ्यावर नाही. शिवाय ती उद्या सकाळी पुढच्या मुक्कामाला, वरवंडकडं निघणार. परक्याशी उदार होणं भावाशी होण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे आपण कबूल करत नाही इतकंच.

दौंडच्या लोकलमध्ये तर तेवढाही मोठेपणा नसतो. तिघांच्या बाकावरचे तिघे चौथ्याकडं बघतच नाहीत, खिडकीबाहेरचा ऊस बघतात. पण कुणीतरी "कुठं उतरणार?" विचारतं, तो "केडगाव" म्हणतो, एकाची मावशी तिथं निघते, आणि बाक आपोआप लांब होतो. पुढच्या स्टेशनावर पाचवा आला की "पुढं सगळं रिकामं आहे" असं त्याला सांगणारा पहिला माणूस हा चौथाच!

केडगावचं नाव निघालं म्हणून सांगतो. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी, अनाथ मुली-बायका त्यांनी आणल्या. त्यांचं बिऱ्हाड पुढं या केडगावातच झालं. 1900च्या दुष्काळात गुजरातच्या आल्या. भाषा वेगळी, जाती नाना, आणि यातलं कुणी सकाळी उठून वरवंडला जाणार नव्हतं. त्यांना जेवण, अक्षरओळख, हाताला काम. धर्मांतरावरून रमाबाईंवर टीका झाली, अजूनही होते. वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. पण मुक्कामी पाहुण्याला वाढणं आणि जन्माचं बिऱ्हाड अंगावर घेणं, यातलं अवघड काम त्यांनी केलं.

त्यांचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. लोकलनं यवतनंतर खुटबाव, मग केडगाव. एकदा उतरून बघून या.