मुका कंपायलर बोलू लागला

सी भाषेत पॉइंटर म्हणजे घराचा नुसता पत्ता. घरात कोण आहे हे बघायचं तर आधी स्टार लावावा लागतो. तो विसरला की प्रोग्रॅमर पत्त्यालाच विचारतो, ‘तू शून्य अक्षर आहेस का?’ सीच्या लेखी तेही शून्यच, म्हणून तुलना ‘नल’शी, म्हणजे रिकाम्या पत्त्याशी होते आणि रिकामी स्ट्रिंग ऐटीत भरलेली ठरते. जीसीसी हा कंपायलर हे वर्षानुवर्षं मुकाट्यानं चालवून घेत होता. 2017 साली, सातव्या आवृत्तीत, त्याला कंठ फुटला: पॉइंटर डीरेफरन्स करायचा होता का? काय ही अदब! आणि सवयीचे प्रोग्रॅमर? त्यांच्याकडे रामबाण उपाय आहे: कंपायलरचा डॅश स्मॉल डब्ल्यू हा पर्याय. सगळेच इशारे गप्प, बिल्ड लख्ख, मॅनेजर खूश.