एडामामेवाल्याची बाजू

पंचेचाळिशी उलटली आणि रक्ताच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला, की आपल्याकडच्या मध्यमवर्गीय पुरुषाचं स्थित्यंतर ठरलेलं असतं. आधी तो चालायला लागतो, मग चालण्याबद्दल बोलायला लागतो, आणि काही महिन्यांनी नुसतं बोलणं उरतं. याच सुमाराला त्याला प्रथिनांचा साक्षात्कार होतो. सत्यनारायणाचा प्रसाद तो नाकारत नाही. द्रोण हातात घेतो आणि 'यात सगळे कार्ब्जच की हो' असं यजमानांना ऐकवतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, हे ज्ञान तो एकादशीलाच वाटतो, तेही खिचडी सगळ्यांच्या ताटात पडल्यावर. त्याच्या ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा असतो आणि फडताळात मागच्या श्रद्धांचे अवशेष: क्विनोआ, चिया, सफरचंदाच्या व्हिनेगरची चिकट बाटली. अलीकडे त्याच्या फ्रीझरमध्ये एडामामे आलं आहे. या गृहस्थाची थट्टा करणं सोपं आहे आणि ती करावीच. पण एडामामेच्या बाबतीत, कधी नव्हे तो, त्याचं बरोबर आहे. का बरोबर आहे, हे मात्र त्याला धड सांगता येत नाही.

एडामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या हिरव्या शेंगा. दाणा भरलेला, पण वाळणीला न लागलेला. हे तो सहसा उघड करत नाही. 'जपानी सुपरफूड' म्हणतो, कारण सोयाबीन म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेलाचा डबा येतो. त्याचा हिशेब असा: १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दोन अंडी. आकडा खरा आहे; फक्त तो सोललेल्या, शिजवलेल्या दाण्यांचा आहे, आणि हे महाशय काट्यावर ठेवतात शेंगा. शेंगेचं जवळजवळ निम्मं वजन सालीचं असतं. त्यामुळे रोज ॲपमध्ये दोन अंडी जमा होतात आणि पोटात एक जातं. मात्र ही चूक दुरुस्त करून पुन्हा मांडणी केली, तरी निकाल त्याच्याच बाजूने लागतो. शिजवलेल्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला ९ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण १६० कॅलरींबरोबर. मटकी ८ ग्रॅमच्या आसपास थांबते, मटार ५ वर. उकडलेले शेंगदाणे १३ ग्रॅम देतात, पण ३०० हून जास्त कॅलरी घेऊन येतात. एडामामेचे १२ ग्रॅम जेमतेम १२० कॅलरींत पदरात पडतात. वर ५ ग्रॅम तंतू, आणि सुमारे ३०० मायक्रोग्रॅम फोलेट, म्हणजे प्रौढ पुरुषाला दिवसभरात लागतं जवळपास तेवढं. कॅल्शियमच्या बाबतीत मात्र नाचणीपुढे त्याचं काही चालत नाही. ते तो कधीच सांगणार नाही.

आता विरोधी पक्ष. पहिला आक्षेप शेजारच्या काकांचा: आपल्या वरणभातात काय कमी आहे? तत्त्वतः काही नाही. तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, आणि दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. पण काकांच्या ताटात मूद असते डोंगराएवढी आणि वरण असतं मुदीला टिळा लावण्यापुरतं, तेही पातळ. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. तेवढी त्या टिळ्यातून येत नाहीत. सोयाच्या प्रथिनाचा दर्जा दूध-अंड्यांच्या जवळ जातो, ही गोष्ट इतर बहुतेक कडधान्यांना साधत नाही. दुसरा आक्षेप जिममध्ये हळू आवाजात घेतला जातो: सोया खाल्लं की पुरुषाचा पुरुषपणा उणावतो. सोयातल्या आयसोफ्लेव्होनांची ठेवण इस्ट्रोजेनशी थोडी मिळतीजुळती आहे, एवढ्यावरून ही भीती उठली. परंतु अनेक चाचण्यांचे निष्कर्ष २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं आणि सोयाची ॲलर्जी असणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये, हे मात्र खरे इशारे आहेत. तिसरा आक्षेप घरातल्या बायकांचा आणि सर्वांत व्यवहारी: सोयाबीनने पोट फुगतं. वाळलेल्या दाण्याबद्दल ही तक्रार रास्तच आहे. पण पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा दाणा पिकत जाईल तशा वाढतात. कोवळ्या दाण्यात त्या कमी असतात.

एडामामेवाल्याची खरी लंगडी बाजू वेगळीच आहे, ती म्हणजे त्याची भक्ती. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्ये मान्यता दिलेला दावा त्याला पाठ असतो: रोज २५ ग्रॅम सोया प्रथिन, त्याला संपृक्त चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहाराची जोड, आणि हृदयरोगाचा धोका कमी. त्याच एफडीएने पुरावा पुरेसा सुसंगत नाही म्हणून २०१७ मध्ये ती मान्यता मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, तिथपर्यंत त्याचं वाचन पोचलेलं नाही. सोयामुळे वाईट कोलेस्टेरॉल तीन-चार टक्के उतरतं; त्यात आनंद मानावा, चमत्कार शोधू नये. जपानात तरी एडामामे कोण औषध म्हणून खातो? उन्हाळ्याच्या संध्याकाळी मिठाच्या पाण्यात उकळलेल्या शेंगा थंडगार बिअरबरोबर समोर येतात. चकणाच तो. आपल्या गृहस्थाने बिअर सोडली आणि चकण्याला दैवत केलं.

आणि हे दैवत त्याला परदेशातून गोठवून आणलेलं लागतं. सोयाबीन पिकवण्यात महाराष्ट्राची स्पर्धा आहे ती मध्य प्रदेशशी. लातूर, वाशिम, हिंगोलीकडे खरिपात नजर पोचेल तिथवर हेच पीक दिसतं. २०२४-२५ चा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि त्या हंगामात अनेक बाजारांत शेतकऱ्याला तेवढाही मिळाला नाही. माल गेला तेल गाळायला आणि पेंड कोंबड्यांना. म्हणजे ज्या अंड्याशी हा तुलना करतो, त्यातही सोयाबीनच आहे. यावर तो म्हणेल, एडामामेचं वाण वेगळं असतं, दाणा मोठा आणि गोड. खरं आहे, आपली बहुतेक वाणं तेलासाठी निवडलेली. पण हा फरक मुख्यतः चवीचा आणि आकाराचा आहे. साध्या हिरव्या सोयाबीनमधलं प्रथिन काही हलक्या जातीचं नसतं. तेव्हा सप्टेंबरात कोणी ओळखीचा शेतकरी भरल्या हिरव्या शेंगा द्यायला तयार असेल, तर शेवटची फवारणी कधी झाली हे आधी विचारा. मग शेंगा मिठाच्या पाण्यात चांगल्या उकळा. कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिन-रोधक पचनाला आडवा येतो, म्हणून घाई नको. आणि काट्यावर ठेवायचंच असेल, तर सोलून ठेवा.