हवेवरची गुंतवणूक : नवशिक्या लालबागकरासाठी

पोर्श कंपनीनं ९११ ही गाडी १९६३ साली लोकांसमोर आणली आणि १९९८ पर्यंत तिचं इंजिन नुसत्या हवेवर थंड होत राहिलं. मग पाणी आलं, रेडिएटर आला, आणि ज्यांना जुनी गाडी विकायला जमलं नव्हतं ते सगळे एकदम दूरदृष्टीचे ठरले. २०१८ साली कंपनीनं शिल्लक पडलेल्या एका जुन्या सांगाड्यावर हवावाली ९११ टर्बो नव्यानं बांधली. लिलावात ती सत्तावीस लाख युरोंच्या वर गेली. तिला रस्त्यावर चालवायची परवानगी नव्हती. हे शेवटचं वाक्य नवशिक्यानं वहीत लिहून ठेवावं, पुढे लागेल.

तुमच्याकडे पोर्श नाही. असती तरी ती लालबागच्या चिवडा गल्लीत वळली नसती. पण हवेवर थंड होणारं आणि अंगात मस्ती असलेलं वाहन गिरगाव ते परळ पट्ट्यात अजून सापडतं. राजदूत ३५०, यामाहा आरएक्स १००, येझदी रोडकिंग. चाकं दोन कमी आहेत, पण गुंतवणूकदाराला लागणारी लक्षणं सगळी आहेत : कारखाना बंद, सुटे भाग दुर्मीळ, आणि घरच्यांचा विरोध.

पायरी पहिली, वाण निवडणे. नियम असा की नवी असताना जी कोणाला नको होती ती घ्यावी. एस्कॉर्ट्सनं राजदूत ३५० आणली १९८३ साली. मूळची यामाहाची आरडी, म्हणून आजही सगळे आरडीच म्हणतात. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, तीस हॉर्सपॉवर. बाहेरच्या आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या वाट्याला ड्रम आला. त्यामुळे गाडी पळायची झकास, थांबणं मात्र ग्रहमानावर. त्याच वर्षी ‘हिरो’ सिनेमात तीनबत्तीच्या चाळीत वाढलेल्या जॅकी श्रॉफनं ती पडद्यावर उडवली. पोरं वेडी झाली आणि बापांनी मायलेज विचारलं. तिथेच व्यवहार संपला. गिरणगावात तर तो सुरूच झाला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला होता, पगाराचं पाकीट बंद होतं, आणि बाजारात तीस घोड्यांची मोटरसायकल आली होती. म्हणून परळ-लालबागला मूळ मालकाची आरडी मिळाली, तर आधी तिचे कागद दोनदा तपासा.

आरएक्स १०० चं उलटं. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, १९८५ ते १९९६, आणि घ्यायला ही झुंबड. तरीही आज धड गाडी मिळत नाही, कारण जिच्यावर प्रेम जास्त झालं तिचे हालही जास्त झाले. कोणी सायलेन्सर कापला, कोणी हँडल बदललं, कोणी टाकीवर गरुड काढून घेतला. ज्या गाडीला चार मालकांपैकी एकालाही काही सुचलं नाही, ती आज सर्वांत महाग. येझदीचा मैसूरचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. त्या वर्षी ज्यांनी एकेक गाडी ताडपत्रीखाली सरकवून ठेवली ते आज सिग्नलला थांबले की शेजारचा काच खाली करून विचारतो, ‘काका, द्यायची का?’

चेतक घ्यावी का, असं पुष्कळजण विचारतात. बजाजच्या स्कूटरनं या शास्त्राचा पहिला धडा आपल्या आईबापांना दिला आहे. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळालेली गाडी दुसऱ्या दिवशी विकली तर नव्यापेक्षा जास्त भाव. पण ती स्पोर्ट्स या सदरात बसत नाही. सुरू करण्यापूर्वी जिला आडवी करावी लागते ती गाडी क्रीडाप्रकारात मोडते, एवढंच म्हणता येईल.

पायरी दुसरी, शोध. जाहिराती बघू नका. जाहिरातीतली गाडी आधीच कोणीतरी हळद लावून बसवलेली असते. चाळीच्या जिन्याखाली बघा. ताडपत्री, तिच्यावर मोडका पाळणा, त्याच्यावर गणपतीच्या मखराचं थर्माकोल, इतके थर असतील तर खाली काहीतरी आहे. मालक दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका असतात. त्यांच्यासमोर भाव, मागणी, कलेक्टर हे शब्द काढू नयेत. संवाद साधारण असा होतो :

‘काका, गाडी गंजतेय खाली.’

‘गंजू दे.’

‘नाही म्हटलं, कोणी चालवली तरी तिचं...’

‘विकायची नाही.’

‘मी कुठे विकत मागतोय?’

‘मग कशाला आलास?’

याला पहिली बैठक म्हणतात. अशा बैठका दर गणपतीत आणि दर दिवाळीत घ्याव्यात. काकू आपल्या बाजूनं असतात, त्यांना ती जागा हवी असते.

पायरी तिसरी परदेशी पुस्तकांत ठळक छापलेली असते : कोरडं, बंदिस्त, हवेशीर गॅरेज. मुंबईत ही पायरी गाळावी. पण हिशेब करून गाळावी. मोटरसायकल दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद धरली तर ती सोळा चौरस फूट जागा घेते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे संसाराचा दहावा हिस्सा. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, तेव्हा हे प्रमाण सुधारतं, पण मग गाडी बाविसाव्या मजल्यावर नेणं सोसायटीला मान्य नसतं. परळच्या नव्या टॉवरात चौरस फुटाला तीस हजारांच्या खाली कोणी बोलत नाही. सोळा गुणिले तीस हजार, चार लाख ऐंशी हजार. तेवढ्यात दोन बऱ्या आरएक्स येतील. थोडक्यात, ज्या जमिनीवर तुमची गुंतवणूक स्टँडवर उभी आहे, तीच खरी गुंतवणूक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली तेव्हा सगळी मुंबई हळवी झाली. एक तरी गाडी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं सरकारकडे केली होती. हळवं व्हायला जागा लागत नाही, जतन करायला लागते.

पायरी चौथी, हवा. इथे जरा थांबू या, कारण नवशिके इथेच इंजिन घालवतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला पंप नाही, पाणी नाही. सिलिंडरभोवती पातळ पात्या असतात, त्यांच्यामधून वारा गेला की उष्णता निघून जाते. वारा कधी जातो? गाडी पुढे गेली की. आता दक्षिण मुंबईत वारा कुठे आहे ते बघा. जे. जे. पुलावर आहे, तिथे दुचाकींना बंदी. ईस्टर्न फ्रीवेवर आहे, तिथेही बंदी. सागरी सेतूवर भरपूर, बंदी. कोस्टल रोडवर तर समुद्राचाच, तिथेही बंदी. हवेच्या गाडीला या शहरात हवा खायची मनाई आहे. भायखळ्याहून क्रॉफर्ड मार्केटला जायचं तर पुलाखालून, हातगाड्यांच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये, तापत तापत. दोन स्ट्रोकचं इंजिन असं तापलं की पिस्टन फुगतो, सिलिंडरला धरतो आणि गाडी जागच्या जागी जाम. मेस्त्री त्याला ‘सीझ झाली’ म्हणतो आणि पुढचं वाक्य ‘बोअर करावा लागेल’ हे असतं. उपाय दोन. टू-टी ऑइलमध्ये काटकसर करू नये. आणि पहाटे साडेपाचला मरीन ड्राइव्हवर जावं, तिथे अजून कोणी काही म्हणत नाही. पावसाळ्यात हिंदमाताकडे फिरकू नये. तिथे तुमचं इंजिन पाण्यानं थंड होईल, पण पोर्शला जमलं तसं नव्हे.

सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊस, जुन्यासाठी चोर बाजार. दुकानदाराला ‘ओरिजिनल आहे का’ असं विचारू नका, तो हो म्हणेल. तुमच्याकडचा जुना भाग काउंटरवर ठेवा आणि गप्प बसा. नवा चकाचक रंग मारून घेण्याचा मोह आवरा. कंपनीचा फिकट झालेला स्टिकर चकाकत्या क्रोमपेक्षा महाग असतो, हे घरी कोणालाही पटवता येत नाही, प्रयत्नही करू नये.

कागद. मोटार वाहन कायदा जुलै १९८९ मध्ये लागू झाला तेव्हा ‘एमएच’ आलं. त्याआधीची तीन अक्षरांची पाटी असेल तर ती बदलायचा विचारही नको. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण लागतं. दुचाकीसाठी ही फी आधी तीनशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला दोन हजार. इतक्या थोड्या वर्षांत जवळपास सातपट. या सगळ्या प्रकरणात एवढी खात्रीची वाढ मला दुसऱ्या कशात दिसलेली नाही, पण फीमध्ये गुंतवणूक करायची सोय सरकारनं ठेवलेली नाही.

सगळ्यात वरचा टप्पा व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं पुरी झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला बाहेर काढता येते. रोजच्या वापराला नाही. वहीतलं वाक्य आता काढून बघा.

सर्वांत जुन्या राजदूत ३५० ला पन्नास वर्षं होतील २०३३ मध्ये, आरएक्स १०० ला २०३५ मध्ये. ज्यांच्या जिन्याखाली आहे त्यांनी तोवर चालवून घ्यावी. आणि काकांना पुन्हा एकदा विचारून बघावं, यंदा काकूंनी विषय काढलाय म्हणे.