बॅगेत कादंबरी घेऊन आलेला

मोठ्या लेखकाची मुलाखत घ्यायला येणाऱ्यांच्या दोन जाती असतात. पहिल्याने पुस्तक वाचलेलं नसतं. हा निरुपद्रवी. 'लिहायची प्रेरणा कुठून मिळते?' असं विचारतो, चहा घेतो, फोटो काढतो आणि जातो. आपल्याकडचे कितीतरी दिवाळी अंक याच्याच जिवावर निघतात. दुसऱ्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं असतं, ते चांगलं आहे हे त्याला मनातून पटलेलं असतं, आणि त्याच्या बॅगेत त्याची स्वतःची कादंबरी असते. याच्यापासून लेखकाने जपून राहावं.

हा दुसरा गृहस्थ निवांत न्याहाळायचा असेल तर जेम्स पॉन्सोल्टचा 'द एंड ऑफ द टूर' (2015) पाहावा. लोक हा सिनेमा डेव्हिड फॉस्टर वॉलेससाठी पाहतात. डोक्याला रुमाल बांधलेला, धिप्पाड, संकोची कादंबरीकार जेसन सीगलने झकास उभा केला आहे, यात वाद नाही. पण माझी नजर सारखी जात होती ती त्याची मुलाखत घ्यायला आलेल्या, जेसी आयझेनबर्गने केलेल्या डेव्हिड लिप्स्कीकडे. (सिनेमातल्या लिप्स्कीकडे, हे सांगितलेलं बरं. खऱ्याची बाजू त्याने स्वतःच्या पुस्तकात मांडलेली आहेच.)

साल 1996. वॉलेसची 'इन्फिनिट जेस्ट' नुकतीच आलेली. 1079 पानं, त्यांतल्या शेवटच्या भागात 388 टिपा, आणि टिपांनाही टिपा. त्याच वर्षी लिप्स्कीचीही कादंबरी येते, 'द आर्ट फेअर'. ती बेताच्या जाडीची. न्यूयॉर्कमध्ये जो तो वॉलेसचं नाव घेतोय हे पाहून लिप्स्की आधी नाक मुरडतो. मग पुस्तक हातात घेतो. एखादं पुस्तक वाईट निघावं अशी आशा धरून वाचायला बसलेल्या माणसाचा चेहरा वाचता वाचता कसा पडत जातो, हे आयझेनबर्गच्या तोंडावर बघण्यासारखं आहे. दोघंही डेव्हिड, दोघंही कादंबरीकार. वॉलेस 34 वर्षांचा, लिप्स्की 30 चा. म्हणजे आपल्या हातात अजून चार वर्षं आहेत, हा हिशेब त्याने मनात नक्कीच मांडला असणार.

मग तो 'रोलिंग स्टोन'च्या संपादकाच्या मागे लागतो. गायकांच्या मागे धावणारं ते मासिक. लेखकाची मुलाखत कोण वाचणार, हा संपादकाचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण या जातीच्या माणसाला नकार ऐकू येत नाही. टेपरेकॉर्डर घेऊन तो इलिनॉयमध्ये ब्लूमिंग्टनला, बर्फात बुडालेल्या वॉलेसच्या घरी पोचतो. घरात दोन काळे कुत्रे, भिंतीवर अ‍ॅलानिस मॉरिसेटचं पोस्टर. टीव्ही नाही, कारण असला तर दिवसभर तोच बघत बसेन, असं यजमानाचं म्हणणं.

लिप्स्कीचे प्रश्न ऐकावेत. वरून प्रश्न साहित्याबद्दल असतो, आत मात्र एकच चौकशी चाललेली असते: हे तुला कसं जमलं, आणि मला का नाही? म्हणून त्याचं कुठल्याच उत्तराने समाधान होत नाही. वॉलेस म्हणतो, मी साधा माणूस आहे. लिप्स्कीला ते ढोंग वाटतं. एवढी हुशारी असलेला माणूस साधा असेलच कसा? तो रुमाल मुद्दाम बांधत असणार, ही असली बिस्किटं मुद्दाम खात असणार! समोरचा खरंच साधा निघाला तर याची मोठीच पंचाईत. मग स्वतःच्या अपयशाचं खापर फोडायचं कशावर?

वॉलेसही काही कमी नाही. बोललेलं पाच मिनिटांच्या आत मागे घेता यावं, असा करार तो आधीच करून घेतो. मिनियापोलिसला पुस्तकाचं वाचन, मॉल ऑफ अमेरिका, थिएटरात मारधाडीचा सिनेमा, सगळीकडे दोघं बरोबर. पाचेक दिवसांत मैत्री झाल्यासारखी वाटते. आणि इथेच या जातीचा खरा गुण बाहेर येतो. लिप्स्की न्यूयॉर्कला प्रेयसीला फोन लावतो. ती 'इन्फिनिट जेस्ट' वाचतेय. वॉलेस फोन हातात घेतो आणि तिच्याशी बराच वेळ रंगून गप्पा मारतो. लिप्स्की शेजारी उभा. जगाने वॉलेसला डोक्यावर घेतलं ते त्याने एक वेळ सोसलं असतं, पण घरचंही मत फुटलं! पुढे हाच लिप्स्की वॉलेसच्या जुन्या मैत्रिणीशी जरा जास्तच गोड बोलतो, आणि मग वॉलेसचा चेहरा बदलतो. दोघांच्या हिशेबाची वही अशी बरोबरीला येते.

बॅगेतली कादंबरी शेवटी बाहेर निघतेच. निघण्याच्या वेळी लिप्स्की ती वॉलेसला देतो. सहज, सहज. सहज देण्याची तयारी विमानात बसल्यापासून चालली असावी. वॉलेस जरा बाहेर गेला की हा घरभर फिरून रेकॉर्डरमध्ये भराभर बोलायला लागतो: इथे हे आहे, भिंतीवर ते आहे. पंचनामा करायला आलेल्या हवालदारालाही इतकी घाई नसते.

या घराण्याचा मूळपुरुष जर्मनीत सापडतो. योहान पीटर एकरमान 1823 साली चालत वायमारला गेला. आपल्या लेखनाचं हस्तलिखित त्याने तिथे राहणाऱ्या महाकवी ग्योथेकडे आधीच पाठवून ठेवलं होतं. ग्योथेने ते वाचलं, कौतुक केलं आणि त्याला तिथेच ठेवून घेतलं. 1832 मध्ये ग्योथे वारला तोवर एकरमान त्याच्या भोवतीच होता. ग्योथेशी झालेल्या संभाषणांचं त्याचं पुस्तक आजही वाचतात. तो कवीही होता, हे त्याच पुस्तकातून कळतं.

'रोलिंग स्टोन'ने लिप्स्कीची ती मुलाखत तेव्हा छापलीच नाही. 2008 मध्ये वॉलेसने आत्महत्या केली. त्यानंतर जुन्या टेप बाहेर निघाल्या आणि 2010 मध्ये त्यांचं पुस्तक झालं. बोलणारा वॉलेस, मुखपृष्ठावर नाव लिप्स्कीचं. सिनेमा त्यावरूनच निघाला. वॉलेसच्या कुटुंबाने आणि त्याच्या लेखनाचा कारभार पाहणाऱ्या ट्रस्टने त्याला जाहीर विरोध केला. स्वतःचा असा पुतळा उभारलेला वॉलेसला आवडला नसता, हे मलाही पटतं. पण सिनेमात वॉलेस एकदा गमतीत म्हणतो, माझ्यावर लेख लिहायला येतात ना, त्यांच्यातल्याच एकावर मला लेख लिहायला आवडेल. तो लेख लिहायचा राहिला. तो हाती असता तर मी हे लिहायच्या भानगडीत पडलो नसतो.