पायरी ओळखून

आमच्या चिरंजीवांनी घेतलेली गाडी डोंगर चढते, ओढे ओलांडते आणि चिखलातून सहज बाहेर पडते, असं चिरंजीव सांगतात. माझ्या पाहण्यात तिने कोथरूडमधले गतिरोधक ओलांडले आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असावा. आमच्या भागातले ते निकष न वाचता बांधलेले असल्यामुळे गाडीला थोडंफार काम मिळतं, एवढंच. तिच्या पराक्रमाबद्दल माझी तक्रार नाही. ती डोंगर कसा चढेल याचा विचार पुष्कळांनी केलेला दिसतो. आपण तिच्यात कसं चढायचं, हे मात्र ज्याचं त्याने बघायचं आहे.

मी टेप लावून मोजलं. जमिनीपासून गाडीच्या आतल्या तळापर्यंत ६० सेंटिमीटर. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. त्या हिशोबाने हा तीन पायऱ्यांहून जास्त चढ झाला, आणि मधल्या पायऱ्या गाळलेल्या आहेत. हाच प्रकार एखाद्या बिल्डरने केला असता तर सोसायटीची तातडीची सभा बसली असती. गाडीच्या बाबतीत याला ‘रोड प्रेझेन्स’ म्हणतात आणि त्याचे पैसे देऊन वर पेढे वाटतात.

बरं, यात नवीन काही नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप जमिनीपासून पावणेनऊ इंच सुटलेली होती, म्हणजे साधारण २२ सेंटिमीटर. आजच्या अशा गाड्याही तेवढ्याच सुटलेल्या असतात. पण त्या जीपला दारंच नव्हती, बाजू खोलगट कापलेल्या होत्या, आणि तिच्यात उडी मारून बसणारा शिपाई विशीतला होता. १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत तशा जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हाही त्या मळ्यात, जंगलात आणि सरकारी दौऱ्यावर जायच्या. साखरपुड्याला जाण्यासाठी त्या बनवल्या आहेत असं कोणी म्हटलेलं नव्हतं. आता तीच वंशावळ एसी, टचस्क्रीन आणि उंच दारं घेऊन आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे, आणि शिपायांच्या जागी आमच्या सौ. आहेत, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या.

पाचवारी साडीत ६० सेंटिमीटर पाय उचलणं हा शरीराचा नव्हे, कापडाचा प्रश्न आहे. आमच्या आत्या ऐंशीच्या पुढच्या, पण नऊवारीतल्या. त्यांनी हँडल धरलं, कासोटा सावरला आणि आत जाऊन बसल्या. नंतर खिडकीतून बाकीच्यांना सूचना देत होत्या. त्या सूचना गाडीपेक्षाही जास्त त्रासदायक ठरल्या.

गाडीला बाजूची पायरी बसवून घे, असं मी सुचवलं. नाना पेठेत हव्या त्या मिळतात. चिरंजीव माझ्याकडे कीव आल्यासारखं बघू लागले. उंचवट्यावरून जाताना दोन चाकांमधलं गाडीचं पोट टेकू नये यासाठी एक कोन सांभाळावा लागतो, त्याला ब्रेकओव्हर अँगल म्हणतात, आणि लोंबती पायरी लावली की तो कमी होतो. खडकाला पायरी घासली तर? प्रश्न रास्त आहे. मात्र चिरंजीवांचा खडकाशी संबंध खडकवासल्यापुरता, आणि तोही भजी खाण्यापुरता. मग वेल्डरकडून चौकोनी पाइपची साधी पायरी जोडून घेऊ म्हटलं, तर त्यांनी कायदा काढला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालत नाही. मुलगा कायदा वाचतो हे पाहून बाप म्हणून समाधान वाटलं. ते पुढे फार टिकलं नाही.

सातारा-सांगलीकडे वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या, जीपला मागे लोखंडी पायरी असायचीच. गावातल्याच वेल्डरने अँगल कापून जोडलेली. तिच्यावरून म्हातारी चढे, बोचकं चढे, प्रसंगी शेळी चढे, आणि गर्दी झाली की दोन-तीन गडी तिच्यावरच उभे राहून तालुका गाठत. रस्ते असे की खड्ड्यात मधूनमधून डांबर लागे. तिथे कोणी ब्रेकओव्हर अँगल काढल्याचं ऐकिवात नाही.

गाडीला पायरी जोडायची नाही म्हटल्यावर सुटी पायरी करायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त माणसाकडे कामं अशीच येतात. घरातला पाट नेऊन बघितला असता, पण जेवायला बसायच्या पाटावर चपला ठेवायची कल्पना मी मनातल्या मनात करत असतानाच सौं.नी ‘खबरदार’ म्हटलं. चौरंगाचा विषय मी काढलाही नाही. प्लॅस्टिकच्या स्टुलाचे पाय भार पडला की फाकतात. शेवटी स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या केल्या तेव्हा उरलेलं १८ मिलिमीटरचं प्लायवूड माळ्यावरून काढलं.

दोन टप्प्यांची पायरी केली तर चढ तीन भागांत वाटला जातो, हे कागदावर ठरलं. पण या गाडीला डिकी म्हणून जी जागा दिली आहे तिच्यात दोन टप्पे मावत नाहीत. मागची सीट उभी असली तर तिथे कोथिंबिरीची जुडी आडवी बसते. म्हणून एकच टप्पा, ३० सेंटिमीटरचा. इमारत संहितेचा भंग होतो, पण निम्माच.

पायरीचं शास्त्र उंचीत नसून पायांत आहे. माणूस फळीच्या मधोमध पाऊल कधीच ठेवत नाही, कडेवर ठेवतो. कडा पायांच्या बाहेर आलेली असेल तर फळी उलटते. म्हणून पाय बाहेर कललेले हवेत, खालचा घेर वरच्या फळीपेक्षा मोठा. शिवाय हँडल धरून स्वतःला आत ओढणारा माणूस तळपायाने पायरीला मागे ढकलत असतो. पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर पायरी एकीकडे आणि सौ. दुसरीकडे अशी फाळणी नको, म्हणून तळाला जुन्या टायरचे तुकडे ठोकले. वरच्या रंगात मूठभर वाळू मिसळली. हे चालू असताना सोसायटीतले दोन इंजिनिअर आणि एक होमिओपॅथ खुर्च्या घेऊन बसले होते. होमिओपॅथचा सल्ला त्यातल्या त्यात बरा होता, कारण तो लवकर संपला.

पायरी उत्तम झाली. अडचण वेगळीच निघाली. सगळे तिच्यावरून चढतात आणि आत बसतात. मग पायरी उचलून आत द्यायला एक माणूस खाली उरतो. त्याला पायरी मिळत नाही. तो माणूस मी. साडेतीन दशकं नोकरी केलेल्या, दोन्ही गुडघे वापरून झालेल्या माणसाने सगळ्यांना हात देऊन वर चढवायचं आणि मग स्वतः लटकत आत शिरायचं, यावर कोणी काही बोलत नाही. गाडीला मागे बसायला वेगळं दार नाही, त्यामुळे पुढची सीट वाकवून सगळे आधी मागे जातात आणि तिथून मला ‘जमतंय ना?’ असं विचारतात.

उपाय म्हणून पायरीला नायलॉनची दोरी बांधली. आत बसायचं आणि विहिरीतून घागर काढावी तशी पायरी वर ओढून घ्यायची. पाऊस नसला तर हे जमतं. पावसात तिच्या चारी पायांचा चिखल साखरपुड्याच्या कपड्यांवर येतो. उतरताना तर ती आधी खाली सोडावी लागते आणि ती हमखास उलटी पडते. मंगल कार्यालयाच्या दारात सनई चालू असताना पाहुणे गाडीतून दोरीने लाकडी वस्तू सुलटी करत आहेत, हे दृश्य यजमानांना कसं समजावून सांगायचं, ते चिरंजीवांनी अजून सांगितलेलं नाही. ते ड्रायव्हरच्या बाजूने टुणकन उतरून पुढे गेलेले असतात.

परवा ते स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसले, तेव्हाच मी चहाचा कप खाली ठेवला. गाडीचं सस्पेन्शन दोन इंच उचलून घ्यायचं ठरलं आहे, आणि त्याबरोबर दोन इंच जास्त व्यासाचे टायर. कलम ५२ चं काय, असं मी विचारलं. ‘सगळेच करतात हो बाबा,’ ते म्हणाले. व्यास दोन इंचांनी वाढला की उंची एका इंचाने वाढते, म्हणजे एकूण तीन इंच, असा हिशोब त्यांनीच मला करून दाखवला. पायरीच्या पायांना तेवढे तुकडे जोडून द्याल का, शनिवारपर्यंत.

प्लायवूड संपलं आहे असं मी सांगितलं. सौ. आतून म्हणाल्या, माळ्यावर अजून आहे.